पणजोबांच्या सागवानी पेटीतलं म्हातारपण कसं राखावं?

साखरपेठकर
नमस्कार मंडळी. आमचं साखर पेठेतलं जुनं घर पाडायचं ठरलंय. परवा माळा रिकामा करताना पणजोबांची लाकडी पेटी खाली आली. उतरवायला चार जण लागले, त्यातला एक अजून कंबर धरून बसलाय.

साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद. सागवानाची असावी. आडव्या लोखंडी पट्ट्या, ठोकून चपट्या केलेले खिळे, पितळी कोयंडा. खाली चार लाकडी चाकं होती, आता तीनच आहेत. चौथ्याच्या जागी विटेचा तुकडा आहे आणि तोही इतका जुना की कडा गुळगुळीत झाल्यात.

खरी गंमत झाकणाच्या आतल्या बाजूला. पणजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. तिथल्या कापडाच्या ताग्यावरचं लक्ष्मीचं रंगीत तिकीट (मिलचं छापील लेबल) त्यांनी आत चिकटवलंय. लक्ष्मीचा एक हात कसरीने खाल्लाय. तिकिटाशेजारी पेन्सिलीच्या रेघा आहेत, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा जुड्यांच्या ओळी. आमची आजी दुधाचा हिशेब तिथे मांडायची. शेवटच्या जुडीत तीनच रेघा आहेत.

आता अडचण. बाहेरून पेटी धुराने आणि तेलाच्या हातांनी काळी पडलीय. पट्ट्या गंजल्यात, झाकणाला लांब चीर आहे, कुलूप आहे पण किल्ली नाही (सुदैवाने उघडंच राहिलंय). पॉलिशवाला म्हणाला, "मशीन मारून एकदम नवी कोरी करून देतो." त्याच्या त्या 'नवी कोरी'नेच पोटात गोळा आला. बायको म्हणते, जुळे सोलापूरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवायची तर हात लावला की हात काळा होता कामा नये. तिचंही खरं आहे.

तर घाण जावी आणि वय राहावं, असं काही करता येतं का?

बाळीवेस_बे
काय करालास बे, चार माणसं लागतात म्हणजे पेटी हाय का रणगाडा?

चाटीगल्ली
सोलापूरचा माणूस धागा काढणार म्हणजे तो लांबणारच. मी जागा धरून बसलो.

रंधा_पटाशी
तीन पिढ्यांचं सुतारकाम आहे आमचं, म्हणून बोलतो. मशीन अजिबात नको. सागाचा तो तपकिरी रंग लाकडात खोलवर नसतो. हवा, उजेड आणि हात लागून वरच्या पातळ थराला येतो. सँडर एकदा फिरवला की खालून पिवळं, कच्चं लाकूड निघतं. मग पॉलिशवाला त्यावर रंग मारून 'जुना' दाखवतो. म्हणजे आजोबांना टक्कल करून वर टोप बसवल्यासारखं.

आधी मला तीन गोष्टी सांगा. भोकं आहेत का, असली तर त्यातून ताजं पीठ पडतं का? वरचं पॉलिश कसलं आहे? आणि चीर खिळ्यापासून सुरू होते की फळीच्या टोकापासून?

होटगीरोड_ताई
रंधादादा म्हणतात ते मी भोगलंय. सासूबाईंच्या आईची पेटी एका दुकानात दिली होती. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीच, काय करणार ते विचारलंच नाही. आठ दिवसांनी पेटी आली ती काचेसारखी चकचकीत. झाकणाच्या कडेला खिळ्याने कोरलेलं एक नाव होतं, "चि. सौ." पासून सुरू होणारं. घासून साफ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसता कडेवरून अंगठा फिरवला आणि आत गेल्या. ती पेटी आता बेडरूममध्ये आहे, आम्ही दोघी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो.

वापरातला_माणूस
थोडा उलटा बोलतो, रागावू नका. माझ्या आजीने दर दिवाळीला पेटी रॉकेलच्या फडक्याने पुसली, कडीला तेल घातलं, एकदा तर बिजागरीच बदलली. 'जुनेपण जपू या' असं ती एकदाही म्हणाली नाही. वस्तू वापरायची, बिघडली की दुरुस्त करायची. आपण शहरात राहायला लागलो आणि काजळीलाही वारसा म्हणायला लागलो. चुलीचा धूर म्हणजे चुलीचा धूर. वहिनी बरोबर बोलतायत.

रंधा_पटाशी
@वापरातला, तुमची आजी आणि मी एकाच पक्षात आहोत की! तिने रॉकेल फिरवलं, रंधा नाही फिरवला. काजळी काढाच. काजळीखालचं काढू नका.

स्पिरिटचा_बोळा
रसायनाचा मास्तर होतो, आता निवृत्त. पॉलिश ओळखायची सोपी परीक्षा: पेटीच्या तळाकडे, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब लावा आणि मिनिटभर थांबा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. काहीच झालं नाही तर तेल, मेण किंवा नंतरचं व्हार्निश.

लाख असेल तर नशीब. नवा हात दिला की त्यातलं स्पिरिट जुन्या थराला थोडं विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणून जुनं खरवडायची गरजच पडत नाही. हल्लीच्या पॉलियुरेथेनचं तसं नाही, ते वर वेगळी कातडी धरतं आणि पुढे सोलायचं म्हटलं की सगळंच सोलावं लागतं. लाख हे किड्याचं देणं. आपल्याकडे मुख्यतः झारखंडात होते. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. विषयांतर झालं, सवय जात नाही.

स्वच्छतेचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा कोरडा मऊ ब्रश, कोपऱ्यांना जुना दाढीचा ब्रश. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून, एका वेळी वीतभर जागा, लगेच कोरड्याने पुसायचं. लाखेवर पाणी साचलं की पांढरे डाग उठतात. त्यानंतरही तेलकटपणा राहिला तर टर्पेंटाइनचं फडकं. टर्पेंटाइन मेण आणि तूपट थर काढतं, लाखेला हात लावत नाही. फडकं तपकिरी-काळं निघतंय तोवर चालू ठेवा. पिवळसर नारिंगी यायला लागलं की थांबा, ते पॉलिश आहे.

बाळीवेस_बे
सर, तुम्ही आम्हाला शिकवायला असता तर मी पण पास झालो असतो की.

पूर्वभाग
पट्ट्यांबद्दल सांगतो. आमचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. आजोबा मात्र मागावर नव्हते, सूत रंगवायचे. त्यांच्याकडे हिरड्याचा काढा कायम असायचा, कारण हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग धरतो. जुनी शाईसुद्धा हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून करत.

तेच गंजाला चालतं. सुटा गंज पितळी तारेच्या ब्रशने काढायचा, चकचकीत होईपर्यंत घासायचं नाही. हिरडा कुटून उकळायचा, गाळायचा आणि बारीक ब्रशने पट्टीवर लावायचा. तांबूस गंज डोळ्यादेखत निळसर काळा होतो. दोन हात, मधे पूर्ण वाळवण. वरून मेण. बाजारात गंज फिरवायचं जे तयार औषध मिळतं, त्यातल्या बऱ्याचशांमागे हेच टॅनिनचं, म्हणजे हिरड्यातल्या तुरट द्रव्याचं तत्त्व आहे. काळा ऑइलपेंट मारला तर पट्टी गेटसारखी दिसते. हिरड्याने ती पट्टीसारखीच दिसते.

एक सांभाळा: काढा लाकडावर ओघळू देऊ नका. खिळ्याभोवती सागावर काळी वर्तुळं दिसतात ना, ती हीच. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन.

साखरपेठकर
@पूर्वभाग, ती वर्तुळं आहेत! प्रत्येक खिळ्याला एक. मी जळाल्याच्या खुणा समजत होतो.

पूर्वभाग
राहू द्या. पेटीचे तीळ आहेत ते.

अक्का_भाकरीवाली
पितळेला चिंच-मीठ लावा, आरशासारखं होईल. आमच्याकडे सणाला तसंच करतात.

स्पिरिटचा_बोळा
अक्का, ताटाला चालेल, कोयंड्याला नको. ताट तुम्ही धुता. कोयंडा लाकडात ठोकलेला आहे, चिंचेचं पाणी त्याच्या मागे जाऊन बसतं आणि महिन्याभरात कडेने हिरवा कळंक येतो. शिवाय शंभर वर्षांच्या काळपट पेटीवर आरशासारखा कोयंडा म्हणजे धोतरावर नवा कोरा बूट. मऊ फडकं, किंचित मेण. हात लागतो तिथे आपोआप उजळतो, खाचेत काळा राहतो. तेच छान दिसतं.

अक्का_भाकरीवाली
बरं बाबा. पण मग सणाला काय घासायचं? 😄

रत्नांग्री
आमच्या कोकणात पेटी कायम पाटावर, भिंतीपासून हातभर लांब. तरी पावसाळ्यात बुरशी. तुमच्याकडे ऊन भरपूर, आठ दिवस गच्चीत टाका, वास आणि कीड दोन्ही जातील.

रंधा_पटाशी
अहो, सोलापूरचं मे महिन्याचं ऊन बघितलंय का? बेचाळीस-त्रेचाळीस सहज. गच्चीत पेटी ठेवली तर लाख मऊ पडेल, फळ्या आकसतील आणि आज एक चीर आहे तिथे चार होतील. सकाळचं कोवळं ऊन तासभर, झाकण उघडून, तेवढं पुरे. बाकी वेळ सावलीत वारा. आत लोणारी कोळशाचं पातेलं ठेवा, वास ओढून घेतो.

आतल्या बाजूला अळशीचं तेल लावायचं नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. बंद पेटीत तेलाचा वास वर्षानुवर्षं जात नाही, कपड्यांना लागतो.

स्पिरिटचा_बोळा
बाहेरून लावलंत तरी तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. खोटं वाटतं, पण खरं आहे.

मधलामारुती
आमच्या पेटीत आजी उन्हाळ्यात शेंगा भरून ठेवायची. तळाला आजही तेलाचा डाग आहे आणि झाकण उघडलं की चटणीची आठवण होते. हा डाग काढू का?

बाळीवेस_बे
डाग काढू नको, भाकरी घेऊन ये.

चाटीगल्ली
आमची पत्र्याची ट्रंक आहे, वडील गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेतून डोक्यावरून आणली म्हणून सांगतात. हिरवा रंग पोपडे धरतोय. घासून परत हिरवी करावी का?

स्पिरिटचा_बोळा
जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, धूळ नाकात जाते. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तोंडाला मास्क, मुलं लांब. सुटे पोपडे तेवढेच काढा. घट्ट बसलेला हिरवा राहू द्या, वर मेणाचा हात द्या. पण वेगळा धागा काढा हो, साखरपेठकरांची पेटी अजून माळ्याखालीच आहे.

साखरपेठकर
परीक्षा दिली. थेंबाखाली चिकट झालं, म्हणजे लाख. चीर फळीच्या टोकापासून निघते आणि पट्टीपर्यंत जाते. भोकं आहेत: पेटीला नाहीत, पण चाकं ज्या ठोकळ्यात बसवलीत त्यातल्या दोन ठोकळ्यांना. खाली काळा कागद ठेवला होता, सकाळी मैद्यासारखं पीठ होतं. रंधादादा, आता काय?

रंधा_पटाशी
पीठ म्हणजे कीड जिवंत आहे. वाळवी नव्हे, वाळवी माती आणते. हा घुणकिडा. सागाच्या गाभ्याला सहसा शिवत नाही, बाहेरचं पांढरं लाकूड खातो. पैसे वाचवायला ठोकळे त्याच लाकडाचे केले असणार.

ठोकळे सुटे होतात का बघा. होत असतील तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीजमध्ये, उणे अठराला, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर दिवसभर तसंच गुंडाळलेलं ठेवा, नाहीतर ओल धरेल. औषधाची फवारणी नको, वर कपडे राहणार आहेत.

चीर बुजवू नका. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळपास नाही. पट्टीने रुंदी खिळवून धरलीय, मग बिचारं फाटणार नाही तर काय करणार? पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर. फारच टोचत असेल तर सागाचीच पातळ कपची एका बाजूनेच चिकटवून बसवा, दुसरी बाजू मोकळी.

आणि कुणी ढिला खिळा काढून स्टार डोक्याचा स्क्रू पिळला तर मी येऊन काढीन. तो स्क्रू १९३० च्या दशकातला. जुन्या पेटीवर दिसला की पाटलाच्या फेट्यात प्लॅस्टिकचं फूल.

नवीपेठ_बाइंडर
तिकिटाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. वह्या-पुस्तकं बांधण्यात आयुष्य गेलं. त्यावर व्हार्निश, लॅमिनेशन, पारदर्शक टेप, काही म्हणजे काही नको. सगळ्यात आधी दिवसाच्या उजेडात फोटो. सुटलेल्या कडा मैद्याच्या पातळ खळीने टेकवायच्या, पांढऱ्या गोंदाने नाही. खळ उद्या पाण्याने सुटते, गोंद सुटत नाही. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. मी रंगीत कागदाला घालत नाही, ताजी करून लावतो. लक्ष्मीचा गेलेला हात काढायला जाऊ नका. मागे त्याच रंगाचा साधा कागद लावला की भोक डोळ्यात खुपत नाही.

पेन्सिलीच्या रेघांना ओलं फडकं लावलं तर विरघळत नाहीत, पण घासलं की जातात. त्या वीतभर भागात पाऊलच टाकू नका.

वापरातला_माणूस
बाइंडरकाका, हे पटलं. तिकीट चिकटवताना पणजोबांना तरी कुठे ठाऊक होतं की मिल जाईल आणि तिकीट राहील? १८७७ ची मिल ती.

चाबीवाला_नव्हे
कुलपात खोबरेल ओतू नका, धूळ धरून आणखी जाम होतं. काळ्या पेन्सिलीचं शिस किसून भुकटी आत फुंका आणि हलवत राहा. किल्ली करायची तर कुलूप उतरवून कारागिराकडे न्या, पेटी नेऊ नका. उतरवताना कुठला खिळा कुठला ते कागदावर मांडून ठेवा.

साखरपेठकर
महिन्याने येतोय. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं केलं.

साबण आणि टर्पेंटाइनला तीन रविवार गेले. फडकी मोजली नाहीत, पण माझे दोन बनियन कामी आले. काजळीखाली लाकडाचा रंग निघाला तो चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखा. झाकणाच्या पुढच्या कडेला मधोमध एक खोलगट, गुळगुळीत जागा आहे, चार बोटं बसतात एवढी. उघडताना सगळ्यांचा हात तिथेच पडत असणार. माझाही तिथेच पडतो. मशीनवाल्याने ती पहिल्या झटक्यात सपाट केली असती.

हिरडा चालला, पूर्वभाग यांना दंडवत. एका जागी ओघळ आलाच, एक नवा तीळ. लाखेचे दोन पातळ हात मलमलच्या पोटलीने, मग मेण. हात काळा होत नाही, बायकोने पांढरा रुमाल फिरवून खात्री केली.

ठोकळे डीप फ्रीजमध्ये मटारच्या पिशवीशेजारी पंधरा दिवस होते. सासरेबुवा आले होते, त्यांनी आइस्क्रीम काढायला दार उघडलं आणि न बोलता बंद केलं. आता पीठ पडत नाही. चौथं चाक कातारीकडून बाभळीचं करून घेतलं. रंगवून जुनं करून देतो म्हणाला, नको म्हटलं. नवं आहे ते नवं दिसू दे. चीर तशीच ठेवली. किल्ली झाली नाही.

होटगीरोड_ताई
चार बोटांची जागा वाचून आमच्या पेटीची कड चाचपून आले. सपाट आहे.

अक्का_भाकरीवाली
आत काय ठेवणार?

साखरपेठकर
चादरी, दुसरं काय? वेखंडाच्या पुरचुंड्या करून. डांबरगोळ्या नाहीत, घरात लहान मूल आहे.

अक्का, तुम्हालाच विचारणार होतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पेटी लिफ्टमध्ये अडीच इंचांनी मावत नाही, उभी केली तरी नाही. रविवारी सकाळी सातला जिन्याने चढवायची आहे. येणाऱ्याला कडक भाकरी, शेंगा चटणी, दही.

बाळीवेस_बे
माझी कंबर आत्तापासून दुखालीय बे. पण चटणी कुठली?

मधलामारुती
चटणी मी आणतो. उचलणार नाही.

रंधा_पटाशी
मी सहाला येतो. चाकं आणि ठोकळे आधीच काढून ठेवा, नाहीतर जिन्याच्या वळणावर मोडतील. झाकण दोरीने बांधा, पण दोरीखाली गोधडी घाला, पट्ट्यांवर दोरी घासता कामा नये. आणि वर दोघं, खाली तिघं. खालच्यांत बाळीवेसला घ्या, जिभेला व्यायाम आहेच, थोडा पाठीलाही होऊ दे.